मावसाजी, यंत्र आणि मंगळ

माणसाने जन्मात किती वेळा थक्क व्हावं याचं काही रेशन असेल, तर माझ्या वाट्याचं सगळं माझ्या मावसाजींनी एकट्यांनी संपवून टाकलं. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांच्यानंतर मला कशाचं फारसं नवल वाटेनासं झालं. पुढे माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी आली तेव्हा आमच्या शाळेतले सगळे शिक्षक खुर्च्यांवरून उठले. मी चहा पीत राहिलो. घरातली तीन पिढ्यांची बंगई, म्हणजे झोपाळा, देऊन त्याऐवजी हिशेब करणारं लोखंडी यंत्र घरी आणणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला चंद्राचं काय कौतुक असणार?

अमरावतीत त्यांच्या घराण्याकडे पिढीजात जोशीपण होतं. पत्रिका मांडणं, मुहूर्त काढणं, लग्नाच्या वेळी अंतरपाटाशी उभं राहून मंगलाष्टकं म्हणणं हा धंदा. भातकुलीला थोडी काळी जमीन होती, ती बटाईने दिलेली. मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. दोन गल्ल्या सोडून खोली घेतली होती आणि जेवायला मावशीकडे जात होतो. म्हणजे धक्के मला दोन्ही वेळा, ताटावर बसून मिळत. मावसाजी काटकुळे, उंच आणि किंचित पुढे वाकलेले. कुणाच्याही बोलण्यातली चूक ऐकायला कान पुढे केल्यासारखे. चूक म्हणून त्यांना खपत नसे. गल्लीत कुणाकडे बाळंतपण निघालं की हे न बोलावता खिडकीखाली जाऊन उभे. डाव्या खिशात एक घड्याळ, उजव्या खिशात दुसरं. "एका घड्याळाचा काय भरोसा बाप्पा? साक्षीदार नको?" असं मला समजावून सांगत. एकदा त्यांनी खिडकीतून सुइणीला ओरडून विचारलं, की बाई, जन्म कोणता धरू, डोकं दिसलं तो, का पोरगं रडलं तो? सुइणीने आतून तांब्याभर पाणी फेकलं. मावसाजींनी आधी घड्याळं पुसली, मग डोकं पुसलं, आणि पाणी फेकल्याची वेळही लक्षात ठेवली, कारण त्याच क्षणी आत पोर रडलं होतं.

दुसरी खोड याहून महाग होती. ते खरं बोलत. जोशाने थोडं गोड बोलावं, वाईट असेल ते शांतीच्या विधीत गुंडाळून सांगावं, हा जगाचा रिवाज. मावसाजींनी एका सरकी-तेलाच्या बड्या व्यापाऱ्याला त्याच्याच गादीवर बसून सांगितलं, "दुकान जोरात चालीन शेटजी. तुमी बाजूले झाले म्हनजे." त्यानंतर त्या पेढीवरून त्यांना कधी बोलावणं आलं नाही. मावशी कपाळाला हात लावी. पण व्यापाऱ्याचं जाऊ द्या. हीच तलवार त्यांनी स्वतःच्या मुलीवर चालवली, तेव्हा मात्र गंमत राहिली नाही.

कुसुम त्यांची एकुलती एक. दिसायला चारचौघींत उठून दिसेल अशी, स्वयंपाकात मावशीच्या वरचढ, आणि डोक्याने वडिलांइतकी तेज. तिची पत्रिका मावसाजींनी ती जन्मली त्याच दिवशी स्वतः मांडली होती आणि तिच्यात मंगळ आठव्या घरात येऊन बसला होता. कडक मंगळ. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच नवरा लागतो, नाहीतर जोडीदाराच्या जिवाला धोका, असं शास्त्र. मावसाजींचा त्यावर अक्षराअक्षराने विश्वास. एकदा मूर्तिजापूरची मंडळी पाहायला आली. त्यांना मुलगी आवडली, घर आवडलं, पत्रिकेकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. मावसाजींनी पत्रिका उचलली, पाहुण्यांच्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "हा मंगळ पाह्यला का तुमी? आठवा हाये. मागून म्हनू नका का सांगतलं नाई." पाहुणे पोह्यांच्या बशा तशाच ठेवून उठले. मी भिंतीला टेकून बसलो होतो तो तसाच बसून राहिलो. अशी चांगली चार-पाच स्थळं त्यांनी आपल्या हाताने परत पाठवली. कुसुमच्या मैत्रिणींना मुलं झाली, ती शाळेत जायला लागली, आणि कुसुम अजून परकरातल्या पोरींना भरतकाम शिकवत घरी.

अशात एक दिवस मी जेवायला गेलो तर बैठकीत बंगई नव्हती. परतवाड्याहून आणलेल्या सागवानाची, पितळी कड्यांची, आमच्या मावशीची एकुलती एक चैन. वर नुसते आकडे लोंबत होते आणि त्यांच्याखाली जमिनीवर मावशी बसली होती. समोर चौरंगावर, हळदकुंकू लावलेलं, काळ्या रंगाचं एक लोखंडी यंत्र. अंगभर आकड्यांच्या खाचा, वर सरकणाऱ्या बारीक कळा, उजव्या बाजूला एक दांडा. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या व्यवस्थापकाने ते हौसेने मागवलं होतं. पण त्याचा मुनीम त्याला हात लावायला तयार होईना, म्हणून ते कपाटात धूळ खात पडलेलं. व्यवस्थापक पत्रिका दाखवायला आला, त्याची नजर बंगईवर गेली, मावसाजींनी यंत्राचं ऐकलं, आणि दोघांचा सौदा तिथल्या तिथे झाला. मावशी मला म्हणाली, "पाह्य बाप्पा तुह्या मावसाजीचं काम. आता मी त्या दांड्यावर बसून झोके घेऊ का?"

मावसाजींना तिचं बोलणं ऐकू आलं नाही. ते मला यंत्र दाखवण्यात गढले होते. कळा सरकवून आकडा लावायचा आणि जितक्या पटीने गुणायचं तितके दांड्याचे फेरे द्यायचे. दहंचा आकडा आला की खालचा भाग एक घर सरकवायचा. गुणाकार मोठ्या खिडकीत दिसतो, आणि किती फेरे दिले ते बाजूच्या छोट्या खिडकीत. खर्रर्र खट्, खर्रर्र खट्, असा आवाज. कुसुम ते एका संध्याकाळी शिकली, मला आठवडा लागला. बाकी अमरावतीत कुणी ते शिकलं नाही. मावसाजी दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहून घेजो. दहा वर्सांत वऱ्हाडात ज्या घरी जातं हाये, त्या घरी हे यंत्र राहीन." मला वाटलं, उन्हाळा जरा लवकर लागला.

यंत्रावर त्यांनी पहिली पत्रिका केली ती कुसुमची. जन्मवेळ पक्की होती, दोन घड्याळांची साक्ष होती. पण पूर्वी हाताने गणित करताना शेवटचे बारीक अपूर्णांक ते सोडून देत, कारण सगळेच जोशी सोडून देत. जवळचा पुरा आकडा धरायचा की काम झालं. यंत्राने काहीच सोडलं नाही. दोन दिवस घरात खर्रर्र खट् चाललं होतं. कुसुम म्हणाली, "बाबा, जेवून घ्या. मंगळ कुठं पळून नाई चालला." आणि तिसऱ्या दिवशी खरोखरच मंगळ पळाला. त्या सोडलेल्या अपूर्णांकांमुळे कुसुमचं लग्न (पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी उगवणारी रास) पुढच्या राशीत ढकललं गेलं होतं. ते एक पाऊल मागे आलं आणि आठव्या घरातला मंगळ नवव्यात, म्हणजे भाग्याच्या घरात जाऊन बसला. कुसुमला मंगळ नव्हताच. कधीच नव्हता.

मी मावसाजींना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते आवाज न करता रडत होते आणि हात दांड्यावर तसाच. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "म्हनजे माही पोरगी इतकी वर्सं घरी बसली, ते तुमच्या बोटाच्या आळसानं?" मावसाजींनी मान खाली घातली. ते बोलणं खरं होतं, आणि खऱ्यापुढे त्या माणसाला कधीच काही बोलता येत नसे.

त्या दिवसापासून त्यांनी जे आरंभलं त्याला अमरावती वेड म्हणत होती, आणि आरंभी मीही म्हणत होतो. यंत्र टोपलीत घालायचं, त्यावर आपल्या लग्नातली शाल पांघरायची आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून गावोगाव जायचं. बायकांच्या हळदीकुंकवात शिरून इतक्या बायकांना किती लाडू लागतील याचा गुणाकार करून दाखवायचा. भातकुलीच्या बाजारात पोत्यांवर यंत्र मांडून शेतकऱ्यांना म्हणायचं, सांगा आकडे. गाडगेभर हसू गोळा होई. एक म्हातारा पाटील बराच वेळ पाहून म्हणाला, "महाराज, मुनीमाची चूक झाली तं त्याची गचांडी धरता येते. याची चूक झाली तं भांडाव कोनासंग?" मावसाजी म्हणाले, याची चूक होतच नाही. पाटील उठून धोतर झटकत म्हणाला, "मंग तं अजूनच नको." मला हे बोलणं फार खोल वाटलं. ज्याच्याशी भांडता येत नाही अशी वस्तू वऱ्हाडात कोण घरात ठेवील?

खरा घाव घातला तो परतवाड्याच्या एका जोशाने. त्याने गावभर बोलून ठेवलं, की लोखंड म्हणजे शनी. शनीच्या पोटातून निघालेल्या पत्रिकेवर लग्न कोण करील? झालं. मावसाजी रातोरात काळजीत पडले, कारण लोखंड शनीचं हे त्यांना स्वतःला मान्य होतं. सकाळी उठून ते तांबटाकडे गेले आणि दांड्यावर तांब्याची खोळ चढवून आणली. परतवाड्याहून उलट निरोप आला, की तांबं तर मंगळाचं, आता शनीवर मंगळ बसवला काय? मी मावसाजींचा चेहरा पाहिला आणि खरं सांगतो, हसू दाबायला मला पडवीत जावं लागलं. ही चूक दुसऱ्या कुणाच्याही हातून झाली असती, पण ज्याचा सगळा झगडा मंगळाशी चालला होता त्याच्याच हातून ती झाली. मग खोळ काढून गुरूसाठी पिवळा रेशमी कपडा गुंडाळला. तो दांड्यात अडकून फाटला.

हे सगळं कशासाठी ते मला एका दुपारी त्यांच्याच तोंडून कळलं. मी जरा चिडूनच म्हणालो, "मावसाजी, लोकांना नको आहे हो हे यंत्र. तुम्ही का जिवाला त्रास करून घेता? कुसुमची नवी पत्रिका द्या आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "दिली ना. सगळ्याइले दिली. लोक काय म्हनतात ठाऊक हाये? जोशानं पोरीसाठी मंगळ पुसला. माह्यावर भरोसा नाई राह्यला बाप्पा. यंत्रावर भरोसा बसला, तं पोरीचं लग्न होईन." जो माणूस खोटं कधी बोलला नाही, त्याच्या पहिल्याच सुवार्तेवर गावाचा विश्वास बसत नव्हता. आणि त्या काळ्या यंत्राचा वऱ्हाडात जम बसला तरच कुसुमच्या डोक्यावर अक्षता पडणार होत्या. मग मी त्यांच्याबरोबर टोपली उचलू लागलो. वर्ष गेलं, दुसरं गेलं. यंत्राचा जम बसला नाही. एकही स्थळ आलं नाही.

आणि मग अकोल्याहून आलं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, शांत, थोडा लाजरा. वडील नामांकित वकील. मंडळी बैठकीत बसली. कुसुम पाणी घेऊन आली तेव्हा मुलाने पेला घेतला आणि पिऊन झाल्यावर मावशीला उठू न देता स्वतः आत नेऊन ठेवला. कुसुम दाराशी उभी होती. ती हसली. तिला तसं हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहिलं, आणि मावसाजींनीही पाहिलं, कारण त्यांचे डोळे तिथेच खिळले. वकीलसाहेब सरळ मुद्द्यावर आले. म्हणाले, "जोशीबुवा, आमच्या मुलाला कडक मंगळ आहे. साऱ्या वऱ्हाडात मंगळाची मुलगी शोधून राहिलो आहोत. तुमच्या मुलीचा आठवा मंगळ आम्हाला फार आधीपासून माहीत आहे. पण मध्ये काही वेगळं ऐकलं. तुमच्या कोण्या यंत्रात म्हणे मंगळ निघतच नाही. तसं असेल तर आमचा नाइलाज आहे. बिनमंगळाची मुलगी नेऊन तिच्या जिवाशी खेळ करणार नाही मी. तुम्ही खोटं बोलत नाही असं सगळे म्हणतात. तुम्ही म्हणाल ते खरं."

सात मुलखांत मावसाजींनी ज्याची ग्वाही दिली ते यंत्र समोर चौरंगावर, शालीखाली. ते खरं, तर हे स्थळ गेलं. आणि ते खोटं म्हणावं, तर आपल्याच शास्त्राप्रमाणे आपली निर्दोष पोर मंगळाच्या नवऱ्याच्या घरी पाठवायची. मावसाजी उठले. शाल काढली. म्हणाले, "वकीलसाहेब, तुमीच पाहा. बारा गुनिले बारा करून दाखवतो." त्यांनी कळा बारावर लावल्या. डावा पंजा यंत्राच्या बाजूवर ठेवला, बरोबर त्या छोट्या खिडकीवर. दांडा फिरवला. एक फेरा, दुसरा फेरा. आता घर सरकवायचं. हात थांबला. आणि मग, अगदी सावकाश, तो आणखी एकदा फिरला. खर्रर्र खट्. त्यानंतर त्यांनी घर सरकवून दहंचा फेरा दिला आणि बाजूला झाले.

वकीलसाहेबांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "एकशे छप्पन्न? अहो, बारा बारे एकशे चव्वेचाळीस." मावसाजी म्हणाले, "तेच तं. लोखंड हाये साहेब. त्याले पाढे येत नाई. पोरीची पत्रिका माह्या हातची, पहिली, तेच धरा." वकील मोठ्याने हसले, त्यांच्या सौ. हसल्या, मावशीला काही न कळून तीही हसली. मी हसू शकलो नाही. जन्मभर चूक न खपवून घेणाऱ्या माणसाने भर बैठकीत हाताने चूक केली होती आणि ती मला दिसली होती. मी दाराकडे पाहिलं. कुसुमलाही दिसली होती. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे भरून आले होते.

लग्न महिन्याभरात झालं. बारा बारे एकशे छप्पन्नची गोष्ट अमरावतीपासून अकोल्यापर्यंत पसरली, हॉटेलातली पोरंही एकमेकांना ती सांगत, आणि वऱ्हाडात यंत्राचं जे काही थोडंबहुत होणार होतं ते मावसाजींच्याच हाताने संपलं. यंत्र त्यांनी माळ्यावर टाकलं. पत्रिका करणंही सोडलं. कुणी आलं तर डोळ्यांना दिसत नाही म्हणत आणि परतवाड्याच्या जोशाचा पत्ता देत. मावशीला वाटलं, कन्यादानानंतर माणूस असा मोकळा होतो. मला ठाऊक होतं तसं नव्हतं. दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून ते अकोल्याची बस धरत. कधी लोणचं, कधी ज्वारीच्या पापड्या. गेले की कुसुमला उजेडात उभं करत, नखं पाहत, जीभ दाखव म्हणत, रात्री खोकतेस का विचारत. जावई बिचारा समजे, सासऱ्यांना वैद्यकीचा नाद आहे. कुसुम मुकाट्याने जीभ दाखवी.

वर्षं गेली. मोठमोठ्या कचेऱ्यांत तसली यंत्रं आली, कारकून बेफिकीरपणे दांडे फिरवू लागले. एकदा वीज कंपनीच्या कचेरीत मी मावसाजींना खिडकीच्या गजांना धरून उभं असलेलं पाहिलं. आत खर्रर्र खट् चाललं होतं. मला बघून ते ओशाळले आणि चल म्हणाले. वाटेत मी काही विचारलं नाही.

विचारलं ते फार नंतर. कुसुम दिवाळीला आली होती. दोन मुलं, अंगाने चांगली भरलेली, पाण्याचा भरला हंडा एका हाताने उचलून मोरीत नेत होती आणि मुलांवर ओरडत होती. मावसाजी अंगणात खाटेवर पडून तिच्याकडे बघत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी हळूच म्हणालो, "मावसाजी, आता तरी सांगा. यंत्र बरोबर होतं की चूक?"

"यंत्र बरोबरच होतं," ते म्हणाले. "मंगळ चुकला."

मी आयुष्यात इतक्या वेळा थक्क झालो, पण असा कधीच नाही. ज्याच्या सात पिढ्या ग्रहांवर जेवल्या, तो म्हातारा ग्रहाला चुकलास म्हणत होता, आणि तेही रागाने नाही; जुन्या मित्राने शब्द पाळला नाही हे सांगावं तशा पडेल आवाजात. "काय करता बाप्पा," ते म्हणाले, "पोरगी हसली होती."

त्यानंतर ते यंत्राबद्दल कधी बोलले नाहीत आणि मंगळाबद्दलही नाहीत. दोन्ही सोबती एकदम गेल्यावर माणूस जसा एकटा पडतो, तसे ते उरलेली वर्षं बऱ्यापैकी गप्प असत. फक्त कुसुम येणार असली की सकाळपासून मोटारस्टँडवर जाऊन बाकावर बसत. अकोल्याची बस कितीला येते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी मध्ये येणाऱ्या प्रत्येक बसला ते उठून उभे राहत.